परवाना देण्याआधी मे महिन्यातले पाणी मोजा : जंगलालगतच्या एका निवासाकडून खुले पत्र

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी, नाशिक;
माननीय उपवनसंरक्षक, नाशिक पूर्व व नाशिक पश्चिम वनविभाग;
आणि पर्यटन संचालनालयाचे नाशिक विभागातील अधिकारी यांस

विषय : पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी तालुक्यांतील जंगलालगतच्या पर्यटक निवासांना उन्हाळ्यातील पाणीसाठ्यावर आधारित पाहुण्यांची मर्यादा घालण्याबाबत.

महोदय, महोदया,

पेठ तालुक्यात, वनहद्दीला लागून असलेल्या आमच्या वडिलोपार्जित जमिनीवर आम्ही घरची माणसे मिळून एक लहान निसर्ग-निवास चालवतो. सहा खोल्या, कुडाच्या आणि मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौले, मागे पावसाच्या पाण्याची टाकी आणि समोर सादडा, मोह नि बोंडाऱ्याचे रान, एवढाच त्याचा पसारा आहे. हे पत्र त्या निवासाची जाहिरात करण्यासाठी किंवा अनुदान मागण्यासाठी लिहिलेले नाही. या पट्ट्यातील प्रत्येक पर्यटक निवासात, आमच्याही, एका वेळी किती पाहुणे राहू शकतील याची मर्यादा शासनाने ठरवावी आणि ती खोल्यांच्या संख्येवरून न ठरवता, फेब्रुवारी ते जून या काळात त्या निवासाकडे स्वतःचे किती पाणी साठवलेले असते त्यावरून ठरवावी, ही आमची मागणी आहे. व्यवसाय करणाऱ्यानेच स्वतःवर बंधन मागून घ्यावे हे काहीसे विचित्र वाटेल, म्हणून कारणे सविस्तर मांडते.

ही मागणी आजच करण्यामागे घाई आहे. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरचा कुंभमेळा ऐन भरात असेल. जुलै २०२५ मध्ये साल्हेरसह बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यापासून जिल्ह्याच्या डोंगरी भागाकडे बाहेरच्यांचे लक्ष वळले आहे, आणि सुरगाण्याच्या सीमेपलीकडचे सापुतारा सुट्टीच्या दिवशी भरून वाहू लागले की तिथली गर्दी अलीकडे जागा शोधू लागते. सावळघाट आणि कोटंबी घाट ओलांडून शनिवारी-रविवारी येणाऱ्या शहरी गाड्यांची आता कोणाला नवलाई राहिलेली नाही. रस्त्यालगतच्या शेतकऱ्याकडे कोणीतरी येऊन ‘इथे रिसॉर्ट केले तर’ अशी विचारणा करतो, हेही नेहमीचे झाले आहे. नियम बांधकामे उभी राहण्यापूर्वी झाले तर ते पाळले जातात. नंतर झाले तर त्यांतून सवलती मागितल्या जातात.

बाहेरच्या माणसाला आमच्या भागात पाण्याची चिंता असेल असे वाटतच नाही, कारण तो बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये येतो. त्या वेळी प्रत्येक कड्यावरून धबधबा कोसळत असतो, भाताची खाचरे तुडुंब असतात आणि छत्री ठेवायलाही कोरडी जागा सापडत नाही. सिन्नर-येवल्याच्या शेतकऱ्याला हेवा वाटावा इतका हा पाऊस असतो. मात्र तो चार महिन्यांत पडतो आणि उताराने धावत सुटतो. दमणगंगा, नार, पार या नद्या पश्चिमेकडे वळून गुजरातमध्ये उतरतात. खाली काळा कातळ आहे. वरचा मुरमाचा पातळ थर आणि कातळातील भेगा एवढीच जमिनीची साठवण. ती दिवाळीनंतर ओसरू लागते. होळीपर्यंत ओढ्यांचे डोह उरतात, आणि एप्रिल उजाडला की जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या बायका हंडे घेऊन झिऱ्यापाशी वाटीने पाणी भरत बसतात. प्रशासनाला हे नवीन नाही, कारण टँकरचे प्रस्ताव आपल्याच टेबलांवरून जातात.

आता या चित्रात पर्यटक बसवून पाहावा. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. पाणीपुरवठ्याच्या मानकांत साध्या हॉटेलच्या एका खाटेमागे दररोज १८० लिटर आणि पंचतारांकित हॉटेलच्या खाटेमागे ३२० लिटर पाणी धरले जाते. चाळीस खाटांचे साधे रिसॉर्ट या हिशेबाने रोज ७,२०० लिटर पाणी घेईल, म्हणजे १३० माणसांच्या पाड्याला शासनाने देऊ केलेले पाणी तेवढ्यातच संपेल. पोहण्याच्या तलावाचा हिशेब तर याहून सोपा आहे. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटरहूनही थोडा कमी, म्हणजे १.२ मीटर खोल असा लहानसा तलाव भरायला ६०,००० लिटर पाणी लागते. ते सुमारे १,०९० ग्रामस्थांचे एका दिवसाचे पाणी झाले. उन्हाने त्यातून दररोज अर्धा सेंटिमीटर पाणी उडाले असे धरले, तरी रोज २५० लिटर नव्याने घालावे लागतात, आणि त्यात कोणी आंघोळ केलेली नसते. जाहिरातीत मात्र अशा तलावाच्या मागे साग आणि बांबू दिसतात नि खाली ‘निसर्गाच्या कुशीत’ असे लिहिलेले असते.

आमच्याकडून आजवर जी कागदपत्रे मागितली गेली त्यांत ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला होता, सातबारा होता, अन्नपदार्थांचा परवाना होता, बांधकामाचा नकाशा होता. एका कार्यालयात वाहनतळाचे क्षेत्रफळ दोनदा विचारले गेले. पाणी कोठून आणता आणि मे महिन्यात त्याचे काय होते, हा प्रश्न कोणत्याही टेबलावर कोणी विचारला नाही. कर्मचाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण नमुन्यात तो रकानाच नाही. तो रकाना घालून घेण्यासाठीच हे पत्र आहे.

आमच्या घरी तो हिशेब कसा केला जातो, ते थोडक्यात सांगते, म्हणजे मागणी कागदी वाटणार नाही. शंभर चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला २,००० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी १,६०,००० लिटर पाणी हाती लागते. म्हणजे पावसाचा तुटवडा नाही, साठवणुकीचा आहे. समजा एखाद्या निवासाकडे ५०,००० लिटरची टाकी आहे आणि तो माणशी ६० लिटरमध्ये पाहुण्याची आंघोळ, शौच, स्वयंपाक आणि चादरींची धुलाई भागवतो. मग त्या टाकीत सुमारे ८३० मुक्काम बसतात, आणि एक फेब्रुवारी ते पंधरा जून हा काळ धरला तर रोज जेमतेम सहा पाहुणे. आमच्या सहा खोल्यांत बारा जण राहू शकतात. उन्हाळ्यात निम्म्या खोल्यांना कुलूप असते ते याच गणितामुळे. ज्याला अधिक पाहुणे हवेत त्याने अधिक मोठी टाकी बांधावी. नियम असा झाला की मालकाचा पैसा आपोआप कूपनलिकेऐवजी साठवणुकीकडे वळेल, आणि हे कोणत्याही प्रबोधन शिबिराने साधलेले नाही.

साठ लिटरमध्ये शहरातील माणूस राहतो का, असे आपण विचाराल. राहतो, पण त्याला सांगावे लागते, आणि सांगण्याची ही कामगिरी आमच्या सासूबाईंकडे आहे. शॉवर नाहीत, बादली आणि तांब्या आहे. चादर रोज बदलली जात नाही. सांडपाणी कर्दळीच्या वाफ्यातून निथळून आंब्याच्या रोपांना जाते. माझी मुलगी रोज सकाळी टाकीत खुणांचा बांबू घालून पातळी वाचते आणि वहीत लिहिते, आणि पाहुण्यांची मुले पहिल्या दिवसानंतर तिच्या मागे रांग लावतात. जेवणात नागलीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी आणि हंगामातील रानभाजी असते. पनीर मागणाऱ्याला सासूबाई नम्रपणे नाशिकचा रस्ता दाखवतात. (हा शेवटचा भाग धोरणात घालण्याची आमची मागणी नाही.)

पाहुणे आम्हाला धाडसी कुटुंब म्हणतात. माझ्या पतींनी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत प्रशिक्षण घेतले आहे, धाकटे दीर कड्यांवर दोर लावतात, आणि जंगल कामगार सोसायटीच्या कुपांवर, म्हणजे लाकूडतोडीसाठी आखून दिलेल्या जंगलपट्ट्यांवर, उमेदीची वर्षे घालवलेले सासरे वयाचा विचार न करता माणसांना रात्री जंगलाच्या कडेने फिरवून आणतात. शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आणि त्यात नोंदणी, प्रशिक्षित माणसे व सुरक्षेची साधने यांचा आग्रह धरला, याचे आम्ही स्वागतच केले. दोराला किती भार द्यायचा हे वर जमलेल्या माणसांच्या हौसेवरून ठरत नाही, तो ज्या कातळाला बांधला आहे त्याच्या ताकदीवरून ठरते, आणि त्यावर कोणताही पाहुणा वाद घालत नाही. मुक्कामाच्या संख्येबाबत तोच विचार लागू करायला मात्र आपले धोरण कचरते. उलट साहसी उपक्रमांचा एक फायदा असा की त्यांतील बरेचसे दिवसभरात आटोपतात. उन्हाळ्यात मुक्काम कमी ठेवूनही पहाटेची चढाई आणि संध्याकाळची परतपाठवणी यांवर आमचे घर चालते. पाण्याची मर्यादा घातली तर पर्यटन बुडेल ही भीती म्हणूनच आम्हाला पटत नाही. आमच्याकडे गर्दीचे महिने पावसाचे आणि थंडीचे आहेत. मर्यादेची झळ मुख्यतः मे महिन्याच्या सुट्टीला बसेल.

पावसाळ्यात पाणी मुबलक असले तरी त्या काळाची एक वेगळी मर्यादा आहे, आणि तिच्याकडे याहूनही कमी लक्ष दिले जाते. ती मैल्याची आहे. सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरते, असे नकाशात दाखवले जाते, आणि जानेवारीत पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला खड्डा कोरडा दिसतो. जुलैमध्ये इथली जमीन स्वतःच पाण्याने तुंबलेली असते. त्या वेळी शोषखड्डा काही शोषत नाही. तो खालून भरतो, वरून वाहतो, आणि कातळाच्या भेगांतून त्याचे पाणी उताराखालच्या झऱ्याला मिळते. त्या झऱ्यावर एखादा पाडा पाणी भरत असतो. पावसाळ्यात जुलाब आणि काविळीची साथ आली की आरोग्य कर्मचारी विहिरीत जंतुनाशक टीसीएल पावडर टाकतो, वर डोंगरावर चाळीस खाटांच्या निवासाचा खड्डा तुंबला आहे का हे पाहायला कोणी जात नाही. म्हणून सांडपाण्याची पाहणी जुलै-ऑगस्टमध्येच व्हावी, पिण्याच्या पाण्याच्या झऱ्याच्या वरच्या अंगाला शोषखड्डा नसावा, आणि मोठ्या निवासांना जमिनीपासून उंच उचललेले, बांधीव तळाचे गाळणवाफे सक्तीचे असावेत. खर्च वाढेल हे खरे आहे. तो पाहुण्याच्या बिलात जावा. आज तो खालच्या पाड्यातल्या मुलांच्या पोटात जातो.

उष्ट्या-खरकट्याबद्दल वनविभागाला आम्ही काय सांगावे? उघड्यावर टाकलेल्या खरकट्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, हे निफाडच्या उसापासून त्र्यंबकच्या डोंगरांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. आमच्याकडे वाघबारशीला गावच्या शिवेवर वाघदेवाला नैवेद्य दाखवतात; त्याला वर्षभर मागच्या दाराने जेवण घालण्याची प्रथा नाही. दिव्यांबाबतही शेजारच्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या परिसरात, काजव्यांच्या हंगामात गाड्यांच्या झोतांनी काय होते ते आपण पाहिले आहेच. काजव्याचे चमकणे जोडीदार शोधण्यासाठी असते आणि प्रौढ काजव्याचे आयुष्य काही आठवड्यांचेच असते, त्यामुळे एका शनिवारचा उजेडही त्याला महाग पडतो. ध्वनिक्षेपकांना रात्री दहानंतर बंदी घालणारे नियम २००० सालापासून आहेत, फक्त ते जंगलात कोणी ऐकायला नाही असे गृहीत धरले जाते.

रोजगाराचा मुद्दा आमच्याविरुद्ध मांडला जाईल, म्हणून त्यावर थोडे थांबते. भाताची कापणी संपली की आमच्या तालुक्यातील कुटुंबेच्या कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला आणि खुड्याला जातात, मुलांच्या शाळा बुडतात, गावे म्हाताऱ्यांवर राहतात. पर्यटनाने यांतील काही माणसे घरी राहत असतील तर त्याला विरोध करण्याचा अधिकार आम्हाला नाही आणि आमची तशी इच्छाही नाही. परंतु एका मोठ्या रिसॉर्टमध्ये गावकऱ्याला मिळणारे काम झाडूवाल्याचे, माळ्याचे आणि रात्रीच्या पहारेकऱ्याचे असते, तर त्याच पाण्यावर गावात चार-पाच घरांनी दोन-दोन खोल्या चालवल्या तर मालकी गावातच राहते. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने शेतकऱ्याला ही वाट दाखवली आहे. पाण्यावर आधारलेली मर्यादा नेमकी अशा लहान निवासांना परवडते, कारण घरातला माणूस टाकीकडे रोज पाहतो. पगारी व्यवस्थापक टँकरवाल्याचा नंबर जपून ठेवतो.

यासाठी नवा कायदा करण्याची फारशी गरजही नाही. पेठ, सुरगाणा आणि कळवण हे तालुके संपूर्णपणे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात आहेत, इतर काही तालुक्यांतील गावेही आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रांतील लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवले आहे आणि राज्याने त्यासाठी २०१४ मध्ये नियम केले आहेत. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विनापरवानगी विहीर घेण्यावर १९९३ च्या भूजल कायद्यानेच निर्बंध आणले होते, आणि २००९ च्या अधिनियमाने भूजलाचे नियमन आणखी व्यापक केले. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये म्हणून जमीन महसूल संहितेत कलम ३६अ आहे. पण या कलमाने जमीन आमच्या नावावर राहिली तरी तिच्यावर दुसऱ्याने करारावर चालवलेल्या निवासाची कूपनलिका शेजारच्या चार विहिरींचे पाणी ओढू शकते, आणि त्या पाण्याचा सातबारा कोणाच्याच नावावर नसतो.

प्रत्यक्षात काय करता येईल तेही मांडते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. जानेवारीचे मोजमाप २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे ठेवावे, आणि त्याच ग्रामसभेत गावातील प्रत्येक निवासाने आपल्या टाकीचा साठा व त्यावर बसणारे मुक्काम जाहीर करून ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. परवाना देताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना हाच आकडा परवान्यावर लिहिला जावा. गाव टँकरच्या यादीत असताना ज्या निवासात टँकर उतरेल, त्याचा परवाना त्या हंगामापुरता स्थगित व्हावा. टँकर लपवता येत नाही, त्यामुळे या अटीच्या अंमलबजावणीला वेगळा कर्मचारीवर्ग लागणार नाही. पोहण्याचे तलाव या तालुक्यांत पाण्याच्या स्वतंत्र साठ्याशिवाय मंजूरच होऊ नयेत.

वनविभागाला एक वेगळी विनंती आहे. वन संवर्धन कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर कार्ययोजनेत समाविष्ट केलेल्या निसर्ग पर्यटनाच्या शासकीय सुविधा वनक्षेत्रात उभारणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. आपली विश्रामगृहे, तंबू-निवास आणि निसर्ग पर्यटन केंद्रे यांनाही हीच पाण्याची आणि सांडपाण्याची मोजपट्टी लावावी, आणि ती आधी लावावी. आमच्या शेजारच्या शेतकऱ्याला दोन खोल्यांसाठी टाकी बांधायला सांगताना शासकीय तंबूंसाठी टँकर येत असेल, तर त्याला उत्तर द्यायला बीटवरच्या वनरक्षकाला उभे राहावे लागेल, आणि तो बिचारा बहुतेक वेळा त्याच गावचा जावई असतो.

अंजनेरीच्या राखीव क्षेत्रातील गिधाडांच्या कड्यांकडे आणि त्या डोंगराचेच नाव मिळालेल्या कंदीलपुष्पाकडे पाहायला लोक दुरून येतात. हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी अन्न ठेवण्याची सोय वनविभागाने आणि गावकऱ्यांनी मिळून चालवली, हे उदाहरण याच जिल्ह्यातले आहे. गाव आणि विभाग एकत्र बसले तर काय होते, ते दाखवण्यासाठी बाहेरच्या राज्यात अभ्यासदौरा काढावा लागणार नाही.

या मोजणीची सुरुवात आमच्यापासून करावी. आमची पाण्याची वही, पाहुण्यांची नोंदवही आणि सांडपाण्याचा वाफा तपासणीसाठी खुला आहे. एक पाहणी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि दुसरी जुलैच्या मुसळधारेत करावी, आणि दोन्ही वेळी भूजल यंत्रणेचा माणूस बरोबर असावा. मे महिन्यात येणाऱ्या पथकाने मुक्कामाचा बेत आठवडाभर आधी कळवावा, कारण त्या दिवसांत सहापेक्षा अधिक माणसांची सोय आम्ही करू शकणार नाही.

आपली विश्वासू,
पेठ तालुक्यात निसर्ग-निवास चालवणाऱ्या कुटुंबातील थोरली सून
(घरातील सर्वांच्या वतीने)